मधला पेला

माझ्या आयुष्यातलं पहिलं नेटवर्क मी चार स्टीलचे पेले आणि पोती शिवायची सुतळी घेऊन बांधलं. मुरबाडच्या बाजारपेठेत, तांदळाच्या दुकानाच्या काउंटरवर, भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत. एका पेल्यात चहा शिल्लक होता, तो कलंडला, सुतळी भिजली, आणि दुकानाचे मालक, ज्यांना अख्खा तालुका शेठ म्हणायचा, ते गादीवरून वाकून म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्यातला मी कुठला पेला?"

सगळी भानगड त्या एका प्रश्नापासून सुरू झाली. पण आधी शेठबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वेडी आहे. वेडी होतेच, पण कारण होतं.

शेठ मूळचे भातशेतीवालेच, आमच्यासारखे. त्यांनी डोकं चालवलं आणि वाढत गेले. मुरबाडला हे मोठं दुकान, शहापूरला दुसरं, सरळगावला गोदाम आणि धसईला भातगिरणी. त्या गिरणीवर माझे बाबा मिस्त्री. बावीस वर्षं. मशीनच्या आवाजावरून आत कुठलं भात पडलंय हे ते डोळे मिटून सांगायचे, आणि बरोबर सांगायचे. लहानपणी मी मैत्रिणींना गिरणीत नेऊन बाबांची परीक्षा घ्यायची आणि वर भाव खायची. मोठी झाल्यावर कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि शहापूरला एका क्लासमध्ये शिकवू लागले, म्हणून शेठच्या तोंडी मास्तरीणबाई. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. धसईला मोबाइलची रेंज यायची ती फक्त देवळाच्या पाठीमागे, तीही तिच्या मनात असलं तर.

शेठच्या चार जागांमधलं दळणवळण म्हणजे एसटी. शहापूरच्या दुकानातून कंडक्टरच्या हाती चिठ्ठी निघायची, मुरबाड स्टँडवर दुसऱ्या कंडक्टरच्या खिशात जायची आणि धसईला उतरायची. उतरली तर! एकदा ती खिशातच राहिली, कंडक्टरच्या बायकोनं शर्ट धुवायला टाकला, गिरणीवरून अंदाजाने माल निघाला आणि शहापूरच्या एका लग्नघरी बारीक झिनीऐवजी जाडा तांदूळ जाऊन पडला. वऱ्हाड पानावर बसलेलं. नवरीच्या बापानं फोनवर शेठना जे ऐकवलं ते मला लिहिता येण्यासारखं नाही. बघणारे सांगतात, शेठ उभे राहून ऐकत होते.

त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "जे मला दिसत नाय ते माझं नाय. दिवाळी झाली का धसईची गिरनी बंद. मशीन हितं आनायची, डोल्यांसमोर." नुसतं बोलून थांबले नाहीत. बाजारातून एक पितळी कुलूप आणलं, चांगलं नारळाएवढं, आणि काउंटरवर ठेवून दिलं. येणारा-जाणारा विचारायचा, शेठ, हे कशाला? "धसईला," शेठ म्हणायचे.

बाबांनी ही बातमी घरी जेवताना सांगितली, पापड मोडता मोडता. "मुरबाडला नवी मानसं ठेवनार म्हनतो. आपल्याला काय, लय झालं आता." आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. बाबा आणि एकदाच भात! मी त्यांना तापानं फणफणलेले असतानासुद्धा दोनदा भात घेताना पाहिलंय. माझं डोकं असं भडकलं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी क्लासला दांडी मारून मी थेट मुरबाडला. "शेठ, गिरणी उचलून आणायची काही गरज नाही. मला मुदत द्या. धसईची गिरणी मी तुमच्या ह्या काउंटरवर आणून दाखवते." तोंडातून निघून गेलं. कसं आणणार होते, देव जाणे. डिप्लोमाच्या पुस्तकात चार चित्रं होती, तेवढ्या भांडवलावर मी गर्जना केली होती.

तर पेले. आधी मी ते गोल मांडले आणि एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी सुतळी फिरवली. "ह्याला रिंग म्हणतात. शहापूर सरळगावला सांगणार, सरळगाव धसईला, धसई तुम्हाला." शेठनी तोंड वाकडं केलं. "म्हंजे एसटीच की." मग मी मेश दाखवायला गेले, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाची वेगळी सुतळी. सहा तुकडे लागतात. तिसऱ्या तुकड्याला पेले एकमेकांत अडकले, चौथ्याला चहा सांडला, आणि तांदूळ घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "क्रोशा शिकवतेस काय गो?" शेवटी वैतागून एक पेला मधे ठेवला आणि बाकीचे तीन त्याच्याभोवती. "ह्याला स्टार म्हणतात. सगळे ह्या एकाशी बोलतात." तेव्हा शेठनी तो प्रश्न विचारला.

"मधला," मी म्हणाले.

शेठ मागे तक्क्याला टेकले. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं! "हाच. हाच घ्या. मधला पेला मी." मोठ्या कंपन्यांत म्हणे ह्या निर्णयाला महिने लागतात, बैठका होतात. आमच्याकडे चहा वाळायच्या आत झाला.

आता जोडायचं कशानं? शहापूरचं सोपं होतं. दोन्हीकडे टेलिफोन धड चालायचा, त्याला मोडेम लावला की तो आधी चिंचिं करायचा, मग घरघरायचा, आणि शहापूर हजर. शेठ तो आवाज ऐकायला माणसं बोलवायचे. सरळगावच्या गोदामात फोनच नव्हता, त्याचं नंतर बघू म्हटलं. धसईचा फोन मात्र पावसाची आगोट लागली की मान टाकायचा तो नवरात्रात डोळे उघडायचा. स्वतंत्र तार ओढून मिळते का म्हणून टेलिफोनच्या कचेरीत चौकशीला गेले, तर तिथल्या साहेबांनी "धसई?" असं विचारलं, हसले आणि मला पाणी दिलं. उपग्रहाच्या तबकडीचं चित्र शेठना दाखवलं. "ह्याच्यात सिनेमे दिसतील का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. उरला रेडिओ. दोन गच्च्यांवर दोन अँटेना, मधे तार नाही, खांब नाही, काही नाही. अट एकच, दोघांनी एकमेकांना सरळ दिसलं पाहिजे.

"बघा!" शेठनी मांडीवर थाप मारली. "मी काय बोल्लो व्हतो? दिसलं तर आपलं!"

दिसतंय की नाही हे बघायला आम्ही आरसा वापरला. चैत्रातली सकाळ. बाबा आईच्या कपाटाचा आरसा काढून गिरणीच्या पत्र्यावर चढले, मी मुरबाडच्या दुकानाच्या गच्चीवर. वेळ ठरलेली, साडेदहाची एसटी धसईहून सुटली की आरसा हलवायचा. मी डोळ्यांवर हात धरून उभी. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. एसटीला उशीर झाला असेल हे माझ्या टाळक्यात येईना. आणि मग दूर, एका बुटक्या टेकडीच्या अगदी डोक्यावर, लख्ख ठिणगी! गेली. परत आली! मी अशी उडी मारली की थेट शेठच्या बायकोनं वाळत घातलेल्या सांडग्यांत. "दिसलं! शेठ, दिसलं!" शेठ धापा टाकत वर आले, ठिणगी पाहिली आणि चक्क हात हलवला. संध्याकाळी मी बाबांना ते सांगितलं तर ते जरा लाजले. म्हणाले, "मी पन हलवला व्हता."

वैशाखात सामान लागलं. अँटेना म्हणजे खांबावर उभी केलेली वाकडी जाळी. धसईच्या बाजारात लोक माना वर करून म्हणायचे, मिस्त्रीनं मासे भाजायची जाळी एवढ्या वर कशाला टांगली? नारळ फुटला, पेढे झाले. बाबांना मी एक गोष्ट शिकवली, पिंग. "हे मशीन विचारतं, आहेस का? मुरबाडचं म्हणतं, आहे."

"बास?"

"बास."

"येवढं इचारायला येवढं सामान?" बाबा इतके हसले की पोत्यावर बसावं लागलं. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गिरणी चालू करायच्या आधी ते मुरबाडला एकदा विचारून घ्यायचे, आहेस का. उत्तर आलं की मग पट्टा चढवायचे.

काय ते दिवस! शेठच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर धसईची पोती दिसायची, झिनी इतकी, कोलम इतका. शहापूरचं गिऱ्हाईक विचारायचं आणि शेठ न उठता सांगायचे. कुलूप काउंटरवरून खाली गेलं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. एसटीत खिडकीशी बसून मी प्रत्येक टेकडीकडे बघून म्हणायची, हिच्यावरून जाईल, हिच्यावरून नाही जाणार. शेजारची बाई जागा बदलायची.

आणि मग पाऊस स्थिरावला आणि धसई दिसेनाशी झाली. आधी अडखळत, मग दिवसातून एकदोनदा, मग बोंबला, काहीच नाही. मी केबल बदलली, जोड उघडले, पुसले, चिकटपट्ट्या गुंडाळल्या. बाबांना वाटलं जाळीला पाऊस सोसत नसेल, म्हणून त्यांनी खांबावर चढून अँटेनावर इरलं घातलं. लावणीला बाया डोक्यावरून घेतात तेच, बांबूचं आणि पानांचं! लांबून असं वाटायचं की गिरणीच्या पत्र्यावर कोणीतरी भात लावतंय. मी हसले, मग रडले, मग परत हसले. श्रावणात चार दिवस कडकडीत ऊन पडलं. तरी धसई मुकीच. म्हणजे पावसाचा दोष नव्हता, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

शेठनी कुलूप परत वर काढलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. "मास्तरीणबाई, तुमी खटपट केली, मान्य. आता दिवाळीपर्यंत थांबत नाय. गनपती बसले का मी धसईला जानार." बाबा मात्र रोज सकाळी विचारतच होते, आहेस का. उत्तर न येताच पट्टा चढवत होते. हे मला गिरणीत तांदूळ पाखडणाऱ्या बायांनी सांगितलं. ते स्वतः बोलले नाहीत.

शेवटी मी त्या टेकडीवरच जायचं ठरवलं, जिच्या डोक्यावरून ठिणगी दिसली होती. चप्पल हातात घेऊन चिखलातून वर. टेकडीवर सात-आठ घरांची वाडी आहे. वाटेत पन्नाशीची एक बाई करटोली खुडत होती.

"कोनाच्या घरी जायाचा गो?"

"कोणाच्या नाही, मावशी. इथून मुरबाड दिसतं का बघायचंय."

"आता कुठचा दिसल हितून? ऐन किती माजलेत बघ."

मी वर पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर ऐनाची झाडं, गच्च, हिरवीगार, पानाला पान लागलेलं. "ही चैत्रात नव्हती!" मी ओरडले.

"नव्हती कशी? बोडकी व्हती. राबाला छाटली व्हती ना आमी."

अरे देवा! अरे देवा! मी तिथेच चिखलात बसले. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या आधी त्या जागेवर फांद्या-पाचोळा पसरून भाजतात, तो राब. त्यासाठी उन्हाळ्याच्या आधी ऐन छाटून नुसते सोट उभे ठेवतात. मी स्वतः लहानपणी डोक्यावर राबाच्या मोळ्या वाहिल्यात. बाबांनी उभा जन्म राब भाजलाय. शेठच्या घरी आजही भाजतात. आणि आम्ही तिघांनी, तीन भातवाल्यांनी, चैत्रात बोडक्या झाडांवरून आरसा चमकवला आणि नारळ फोडला! ही झाडं फुटणार हे एकालाही आठवू नये? मी खो खो हसत सुटले. मावशीला वाटलं मला काहीतरी चावलं.

हसू ओसरल्यावर मी म्हणाले, "मावशी, ही झाडं परत छाटली तर?"

ती अशी उसळली! "भर पावसाल्यात ऐन छाटतात? डोका फिरला काय तुजा? झाड मरल, फुडल्या साली राब कशाचा करू?"

मग मी तिला सगळं सांगितलं. शेठ, पेले, आरसा, कुलूप, बाबा. बाकीच्याला ती नुसती मान हलवत होती. कुलपापाशी थांबली. "गिरनी बंद व्हनार? धसईची? मंग आमचा भात?" वाडीतली सगळी घरं डोक्यावर भाताची ओझी घेऊन टेकडी उतरून बाबांकडे जायची. मुरबाडला जायचं तर एसटीपायी अख्खा दिवस मोडायचा. ती तशीच पुढे चालू लागली. झाडांच्या पलीकडे, माथ्याच्या कडेला तिचं घर. अंगणात नेऊन उभं केलं. "ही धसई. ता सरलगाव. आनि ता तुजा मुरबाड. झाडा माज्या पाठी हायत, फुडं काय नाय. लाव तुजी जाली हितं."

तिन्ही गावं! एका अंगणातून! एकही पान आड नाही. गिरणीचा पत्रा उन्हात चमकत होता. मी त्या बाईला मिठीच मारली, करटोली सगळी सांडली.

शेठना समजवायला पुन्हा पेले मांडावे लागले. ह्या वेळी पाच. पाचवा मधे ठेवला आणि म्हटलं, ही वाडी.

शेठनी पाचवा पेला उचलून पाहिला. "म्हंजे मधला पेला मी नाय?"

"नाही शेठ."

"माझा माल हितं, माझी गिरनी तितं, आनि मधी कोन तर टेकडीवरची बाय?"

"तिला सगळे दिसतात, शेठ. तुम्हाला दिसत नाहीत."

मला वाटलं आता पेला डोक्यात बसतो. शेठ उठले आणि म्हणाले, "दाखव."

त्यांना टेकडीवर चढवताना माझ्या नाकी नऊ आले. चार ठिकाणी बसले, दोन ठिकाणी घसरले. अंगणात पोचल्यावर मावशीनं कोरा चहा दिला. तो पीत त्यांनी धसई पाहिली, सरळगाव पाहिलं, मग मुरबाड पाहिलं, बराच वेळ. "शहापूर तेवढं माझ्याकडंच राहील ना?" एवढंच विचारलं.

"शहापूर तुमच्याकडंच, शेठ."

गणपतीला चार दिवस असताना मावशीच्या अंगणात खांब उभा राहिला, तीन दिशांना तोंडं केलेल्या तीन जाळ्यांचा. वाडीत वीज यायची-जायची, म्हणून खाली पेटीत ट्रॅक्टरची बॅटरी. मी मुरबाडला येऊन मशीनसमोर बसले. पाठीशी शेठ, काउंटरवर कुलूप. धसईला विचारलं, आहेस का.

उत्तर आलं. परत आलं. परत! मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर निरोपाची खिडकी उघडली. ती कशी उघडायची हे मी बाबांना एकदाच दाखवलं होतं. अक्षरं एक एक करून येत होती, एका बोटानं टायपल्यासारखी, मधे इतकी थांबत की वाटावं परत लाइन गेली. ज्या माणसानं जन्मात कोणाला पत्र लिहिलं नाही, त्याची.

"काय बोलतो मिस्त्री?" शेठनी विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी, मला वाचता येईना. "अगो वाच की!"

मी वाचलं. "हाय. मी हितंच हाय."

शेठ खाकरून म्हणाले, "इचार त्याला, झिनी किती पोती हाय."

दोन दिवसांनी मावशीचा निरोप आला की माकडं पेटी उघडून वायरी ओढतात. शेठनी काउंटरवरचं ते नारळाएवढं कुलूप उचललं, हातात तोललं आणि माझ्यापुढे धरलं. "हे लाव तितं. माकडांपुढं बारकं कुलूप टिकायचं नाय." मी ते टेकडीवर नेलं आणि पेटीला लावलं. त्याच्या किल्ल्या तीन होत्या. शेठनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही मावशीला दिल्या, आणि तिनं त्या पदराला गाठ मारून बांधल्या.